नग एक, अपूर्ण

मी बूट बोलतोय. हसू नका, मला जीभ आहे. नाडीच्या खाली असते ती. इतके दिवस दाबून ठेवली. आता नाही ठेवत.

मी डाव्या पायाचा. एकटाच. उजवा भाऊ मला कधी नव्हताच. माझा तळ तीन बोटं जाड आहे, कारण चांदा जिल्ह्यातल्या येरमटोल्याच्या मंगलीचा डावा पाय जन्मापासून तीन बोटं आखूड आहे. तिचा बाप इसरू. एका गोऱ्या जंगलसाहेबाला त्यानं बारा वर्षं रानवाटा दाखवल्या. साहेब विलायतेला परत गेला, पण इसरूला विसरला नाही. म्हणून सन त्रेपन्नच्या उन्हाळ्यात शाळेच्या बापूजी मास्तरांनी साहेबाला बुटासाठी पत्र टाकलं. सोबत एक कागद. सात वर्षांच्या मंगलीला त्यावर उभं करून कोळशानं पावलाभोवती रेघ ओढलेली. गुदगुल्या होऊन ती हलली, म्हणून करंगळीपाशी रेघ जरा वाकडी.

"बूट आला का आपल्या पायानं शाळेत येशीन," मास्तर तिला म्हणाले. शाळा दोन नाले ओलांडून पुढच्या गावात. काठी टेकत मंगली पहिल्या नाल्यापर्यंत जायची आणि तिथंच बसायची.

विलायतेतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला महिन्याभरात शिवलं, तो कागद घडी करून माझ्या पोटात ठेवला, आणि साहेबानं मला बोटीनं धाडलं. तीन आठवड्यांत मी मुंबईला! वाटलं, झालं, आता पंधरा दिवसांत पोर चालायला लागेल.

कसलं काय! जकातीच्या कचेरीत एका बाबूनं खोकं फोडलं आणि मला नाडीला धरून लोंबकळवलं.

"दुसरा कुठं आहे?"

"एकच आहे, साहेब," शिपाई म्हणाला.

"जोडा म्हटलं की दोन. एक घेऊन कोण काय करणार? दुसरा मागून येईल. तोवर हा इथंच."

आणि माझ्या नाडीला चिठ्ठी बांधली: 'नग एक. अपूर्ण.'

अपूर्ण? मी? अरे, पोटात हात तरी घालून बघ! कागद आहे, त्यावर पाय आहे, एक पाय! पण नाही. मला फळीवर फेकलं. मास्तरांना पत्र गेलं: दुसरा बूट कधी येणार? मास्तरांनी लिहिलं, पोरीचा एकच पाय आखूड आहे, दुसरा येणारच नाही. चार महिन्यांनी उत्तर: दुसऱ्या बुटाची तारीख कळवावी. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. गाढवापुढं वाचली गीता!

हे मला मागून कळलं. दर बाजाराच्या दिवशी इसरू टपालकचेरीत जायचा, तेही मागून कळलं.

"माह्या पोरीचा बूट आला का जी?"

"नाई आला, इसरूभाऊ."

एवढं ऐकायला तो माणूस सहा कोस चालायचा. मोहफुलं दोनदा वेचून झाली.

मग त्या बाबूची बदली झाली. नव्या बाबूनं फळी झाडताना माझ्या पोटात हात घातला, कागद उलगडला. "अरे, हा तर लेकराचा पाय," म्हणाला, आणि त्याच दिवशी मला पुढं पाठवलं. एका मिनिटाचं काम हो! त्याला पावणेदोन वर्षं लागली.

येरमटोल्यात मंगलीनं मला छातीशी धरलं. मग पाय घातला. पाऊल अर्ध्यात अडलं. इसरूनं टाचेला मोहाचं तेल चोळलं. अंगठा दुमडला, पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणे, "होते, बाबा, होते." होत नव्हतं. मास्तरांनी माझ्यातला कागद जमिनीवर पसरून तिला उभं केलं. बोटं रेघेच्या बाहेर.

लेकीचा पाय वाढला म्हणून बापानं रडावं? अशी पाळी आणली मेल्यांनी!

इसरूनं कमरेची सुरी काढली. "माफ कर गा, पाहुण्या," मला म्हणाला, आणि माझं नाक कापलं.

नाक कापलं की इज्जत जाते म्हणतात. माझी नाही गेली. ज्यांची गेली ते मुंबईला पंख्याखाली बसलेत. मंगलीची पाचही बोटं माझ्या नाकातून बाहेर आली, आणि ती काठी न घेता दोन्ही नाले ओलांडून शाळेत गेली.

आता माझी टाचही चिरावी लागलीय. परवा मास्तरांनी नवा कागद आणला. ते रेघ ओढायला वाकले, तशी मंगलीनं कोळसाच काढून घेतला, आणि पावलापासून दोन बोटं सोडून बाहेरून रेघ ओढली.

"काऊन वं, एवढा मोठा पाय कोणाचा?"

"माहाच, मास्तर. बूट येईन तवाचा."

ऐकलंत, कचेरीवाले हो? नवा बूट येतोय. एकटाच येईल. त्याच्या पोटात हात घाला, आणि नऊ वर्षांच्या पोरीचा अंदाज खोटा पाडा. इतक्या लवकर पाठवा, की तो तिला मोठा व्हावा.