कोटाचा खांदा

मिठाच्या कोमट पाण्याची चूळ गालात धरून मास्तर मागच्या खोलीत नळापाशी उभे होते, आणि पुढे दुकानात वकीलसाहेब हसत होते. चूळ टाकली असती तर त्या आवाजात पुढचं वाक्य बुडालं असतं. म्हणून मास्तरांनी ती तशीच धरून ठेवली. सुजलेल्या गालात दाढ ठणकत होती, पाणी निवत चाललं होतं, आणि कान मधल्या पडद्याला चिकटले होते.

"खरं सांगू का मास्तरीणबाई?" वकीलसाहेब म्हणत होते. "वीस वर्षं मास्तरांचे कोट अंगावर वाहिले. हा अंगावर आहे हे सांगावं लागतंय."

"काहीतरीच तुमचं! कापड मास्तरांनीच बेतलंय."

"बेतलं असेल हो. खांदा कुणी बसवला?"

"जरा सरळ उभे राहा बघू," बायको म्हणाली. ते उत्तर टाळणं मास्तरांना दाढेच्याही खाली कुठंतरी लागलं.

खांदा म्हणजे मास्तरांचं राज्य. बाही जिथं कोटाला भेटते, तिथं शिंप्याची खरी परीक्षा. त्या जागेला त्यांनी तीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या धरायच्या, गिऱ्हाइकाभोवती एक फेरी मारायची आणि एकेक टाचणी काढून बरोबर जागी खोचायची, ही त्यांची रीत. बायकोनं पडद्यामागं काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. बावीस वर्षं हेच चाललेलं. सोमवारी मात्र गाल टम्म फुगला, ओठांत टाचणी टिकेना, आणि ओठांशिवाय ती धरायची कुठं हे मास्तरांच्या हातांना कळेना.

रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. खुर्ची शनिवारपर्यंत भरलेली.

"गोळ्या वेळेवर घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका," त्या म्हणाल्या होत्या. "मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. बाहेरून शेकायचं नाही. आणि ताप आला, गिळताना त्रास झाला किंवा सूज डोळ्याकडे सरकली, तर शनिवारबिनिवार बघू नका. उठून या."

मग तीन दिवस मास्तर मागच्या खोलीत उशीवर उशी रचून पडले, आणि पुढच्या खोलीत मशीन चालू राहिलं. मशीन थांबलं की बायकोचं गुणगुणणं ऐकू यायचं.

सुई जाते पुढं बाई, दोरा मागं जाई,
सुई येते परतून, दोरा तिथंच राही.

पडद्यामागं बसून ती कधी गायली नव्हती. की गायली होती, आणि मास्तरांनी ऐकलं नव्हतं? या प्रश्नावर त्यांनी कूस बदलली होती, तीही दुखऱ्या बाजूवर.

आणि आज सकाळी दवाखान्यातून फोन आला. चारचा एक पेशंट येत नाही, तुम्ही येता का? वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायलही चारलाच होती. "कामात आहे," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा? तर म्हणाले, राँग नंबर.

आता त्यांनी चूळ टाकली, तोंड पुसलं आणि पडदा सारून ते बाहेर आले.

"या या मास्तर! एका गालात कुणाची फिर्याद दाबून ठेवलीये?"

मास्तरांनी हसल्यासारखं केलं. अर्धाच चेहरा हसला. मग त्यांनी वकीलसाहेबांभोवती फेरी मारली. आधी पाठीमागून, मग उजवीकडून, मग जरा वाकून. बायको बाजूला सरली होती. तिच्या मनगटाला कापसाची छोटी गादी बांधलेली होती आणि टाचण्या त्या गादीत होत्या. हेही नवीनच.

खांदा टेकडीवरून पायवाट उतरावी तसा उतरला होता. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही. वकीलसाहेबांनी हात वर केला, तरी कॉलर मानेला धरून राहिली. मास्तरांनी दुसरी फेरी मारली. चूक सापडली असती तर त्यांनी तिला उराशी धरलं असतं.

ती सापडली नाही. तरी त्यांनी खडू उचलला, आणि खांद्याच्या शिवणीच्या बोटभर आत एक पांढरी रेघ ओढली.

"आत घे," सुजल्या तोंडानं ते म्हणाले.

"आणखी आत?" वकीलसाहेबांनी आरशात मान वळवून पाहिलं. "मला तर अगदी..."

बायकोनं रेघेकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"मास्तर म्हणतायत तर घेते," ती म्हणाली. "उद्या याल?"

वकीलसाहेब गेले. तिनं कोट टेबलावर उताणा पसरला, दिवा जवळ ओढला आणि शिवण उसवायचं पातं हातात घेतलं. मास्तरांना वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माणसाला आवाज चढवून खोटं बोलता येतं. ती खाली मान घालून एकेक टाका कापू लागली.

एक तुटला. दोन. तीन. इतके बारीक, इतके सारखे टाके मास्तरांनी स्वतः तरी केव्हा घातले होते? चौथ्याला दाढेतली कळ कानात गेली आणि कानातून कपाळात.

"राहू दे."

"काय?"

"उसवू नको."

"रेघ तुम्हीच मारलीत ना?" पातं चालूच.

"खांदा... बरोबर आहे."

"नीट बोला. तोंड सुजलंय तुमचं, कळत नाही."

"बरोबर आहे खांदा!" मास्तर ओरडले, आणि त्या ओरडण्यानं जबडा असा कळवळला की ते स्टुलावर बसलेच.

तिनं पातं खाली ठेवलं.

"मग इतके दिवस दुखत होतं ते नक्की कुठं? दाढेत, की पोटात?"

मास्तरांनी खडूनं माखलेली बोटं गुडघ्यावर पुसली. मग म्हणाले, "सकाळचा फोन दवाखान्यातला होता. चारला बोलावलं होतं."

थट्टा तिच्या चेहऱ्यावरून पुसली गेली. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. सूज चढून डोळ्याखाली आली होती. उलटा हात कपाळाला लावला, तो चटकन मागे घेतला.

"राँग नंबर म्हणे! अहो, कोट उद्याही शिवता येतो. माणूस कुठून शिवून आणू मी?"

तिनं फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, लगेच पाठवा, मध्ये घेतो.

"तुम्ही व्हा पुढे. शटर ओढून आलेच मी मागोमाग."

मास्तर बाहेर पडले. चार पावलं टाकून त्यांनी मागे पाहिलं. शटर अजून वरच होतं. काचेआड बायकोनं कोट टेबलावरून उचलून लाकडी पुतळ्यावर चढवला होता. खडूची रेघ तिनं तळव्यानं झटकली, कापलेल्या टाक्यांच्या जागी टाचणी खोचली, आणि एक पाऊल मागे सरकून ती खांद्याकडे पाहत उभी राहिली.

तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात होता. असं, या नजरेनं, तिनं याआधी कशाकडे पाहिलं होतं, ते मास्तर आठवू लागले.

रस्ता ओलांडायला मोकळा होता. समोर दवाखान्याचं दार उघडं होतं. गालावर हात धरून मास्तर तिथंच थांबले, तिनं मान वर करेपर्यंत.