मागं राहिलेली पात

सोजराबाई माझी निंदणाची जोडीदारीण. पुसेगावच्या शिवारात तीस वर्षं आम्ही शेजारी-शेजारी पात धरली. सोयाबीनच्या दोन-दोन ओळी एकीच्या वाट्याला, तीच तिची पात, बांधापर्यंत निंदत जायचं. ती माझ्याआधी बांधाला पोचायची, पण टेकायची नाही. समोरून माझ्याच पातीत शिरायची आणि शिव्या घालत निंदत यायची.

दोन वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हट्ट तेवढा शाबूत राहिला. सून करुणा सोडून कुणाच्या हातचा घास घेईना. लेक रत्नपालनं चमचा धरला तरी दात आवळून घ्यायची. गाव म्हणायचं, सासूची सुनेवर केवढी माया. माया होतीच, पण मला राग यायचा. करुणाची पार रया गेली होती. पौर्णिमेला विहारात येणं बंद, माहेर बंद. मागच्या महिन्यात हापशावर चक्कर येऊन पडली. हिंगोलीच्या डॉक्टरनं तपासणीला बोलावलं, तर हिनं दोनदा तारीख चुकवली. का, तर आत्याबाई उपाशी राहतील.

तिसऱ्या तारखेला मी सकाळीच त्यांच्या घरी जाऊन बसले. रत्नपाल दारात मोटारसायकल चालू करून उभा होता. करुणा उंबऱ्यातून परत फिरली.

"मावशी, त्यांनी घास घेतल्याबिगर माझा पाय निघत न्हाई."

मी पेजेचा चमचा पुढं केला. सोजराबाईनं तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. करुणानं पदर खोचून चमच्यासाठी माझ्यापुढं हात केला. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"सोजरे, काहून छळून राहिली लेकराला? तुझ्या सुनेची पात लई मागं राहिली. तू बांधावर बसून बघणारी बाई व्हतीस काय?"

तिचे डोळे भरले. आपण फार बोललो असं वाटून माझेही भरले. मग तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं, चमचा स्वतःकडे ओढला आणि तोंड उघडलं. घास गिळायला वेळ लागला. गिळल्यावर तोच हात तिनं दाराकडे हलवला. करुणा डोळे पुसत गाडीवर बसली.

संध्याकाळी ती परतली ती थेट चुलीकडे. पेजेची वाटी घासून पालथी घातलेली होती. ती बघून मटकन खाली बसली.

"काय म्हणला डॉक्टर?" मी विचारलं.

"रक्त कमी हाय म्हणे. गोळ्या दिल्या. अन् रोज दुपारी दोन तास झोपायला सांगितलं." ती हसली. "आता मी दुपारी झोपल्यावर यांचं जेवण कोण बघंल, मावशी?"

मी तोंड उघडायच्या आत सोजराबाईनं माझं मनगट धरलं. सुटता सुटेना.