पंख्याची पुली

उदगीरच्या डाळमिलीत ड्रायरचा पंखा थांबला. मोटार चालू होती, पुलीही फिरत होती, पण पंख्याचा दांडा हलत नव्हता. पुलीला दांड्यावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू घसरला होता. बाहेर आभाळ गच्च, उन्हात वाळवायची सोय नाही, आणि साल सुटावी म्हणून पाणी मारलेली तूर ढिगात तापू लागलेली. बाजारातले आडते शिवप्पा अण्णा यांनी विश्वासाने दिलेला हा पहिलाच माल. तो आंबला तर बंद पडलेली ही मिल पुन्हा उघडणाऱ्या दामिनीकडे बाजारातलं कोणी फिरकणार नव्हतं.

"काळा पोलादी स्क्रू गंजून अडकतो, म्हणून मीच स्टेनलेसचा बसवला," ती म्हणाली. "मऊ निघाला. दांड्यात रुतलाच नाही."

"दिसाया मात्र नवरदेव हाय," फिटर रामलिंगमामा म्हणाले. "काढाय लागलोय, पर चावी बसायचं सहाकोनी घर घासून गोल झालंय."

स्क्रू पोखरून काढायला त्यांनी ड्रिल लावलं. त्याचं टोक स्क्रूतच तुटलं. दामिनीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"मामा, पुली दांड्याला वेल्डिंग करा."

"मग ती जन्मात निघायची न्हाई. आतलं बेअरिंग गेलं की पंखा भंगारात."

"जाऊ द्या. आज फिरला पाहिजे."

ठिणग्या उडाल्या. पंखा फिरला. तोवर तळाच्या तुरीला आंबूस वास सुटला होता. "वरची ड्रायरच्या जाळीवर पसरा, खालची वेगळी काढा," दामिनी हमालांना म्हणाली आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिने शिवप्पा अण्णांना फोन लावला.