कालव्यावरचं बिऱ्हाड

सिअ‍ॅटलजवळचं बॉथेलचं घर विकायला निघालं तेव्हा शोभना टेक्सासमध्ये, अर्विंगला, लेकीच्या बाळंतपणात अडकलेली होती. इशितासाठी डिंकाचे लाडू वळता वळता तिने फोन कानाशी धरला होता आणि त्र्यंबकराव पलीकडून सांगत होते, "अगं, एक बोट बघितलीय. झकास आहे. तू आलीस की दाखवतो."

शोभनाला वाटलं, रविवारी फिरायला म्हणून घेत असतील. विमानाच्या कारखान्यातली नोकरी नुकतीच संपली होती, माणसाला काहीतरी नाद हवा. ती म्हणाली, "बरं, बघू." त्या 'बघू'चा अर्थ नवऱ्याने 'घे' असा लावला, हे तिला परत आल्यावर कळलं. घरासमोरच्या हिरवळीवर विक्रीची पाटी ठोकलेली होती. बोट घेऊन झाली होती. बोटीच्या मागच्या फळीवर निळ्या रंगात नावसुद्धा रंगवून झालं होतं. 'मुक्ती'. वर देवनागरीत, खाली इंग्रजीत.

"आता तिच्यातच राहायचं," त्र्यंबकराव म्हणाले. "कायमचं. घर, गवत कापणं, गटारं साफ करणं, सगळी कटकट खलास. सगळं ठरलंय, फक्त तुझी सही राहिलीय."

शोभनाने सही केली, घराच्या कागदांवर आणि बोटीच्याही. तिला नेमकं काय वाटलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. बावीस वर्षं जपलेला कढीपत्ता तिने कुंडीसकट शेजारच्या अनयाला दिला, साड्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलींना वाटल्या, आणि दोन बॅगा घेऊन ती सिअ‍ॅटलच्या कालव्यावर राहायला आली.

समुद्र आणि मोठं सरोवर यांना जोडणारा हा कालवा शहराच्या मधोमध वाहतो. काठाने बोटींचे तळ आहेत. तिथे लाकडी धक्क्यांना बांधलेल्या बोटींमधून काही माणसं बाराही महिने राहतात. लांबून बघितलं तर चित्रासारखं दिसतं. उन्हाळ्यात पुलावरून जाणारे लोक थांबून फोटो काढतात. त्यांना आतली ओल दिसत नाही.

पहिल्या हिवाळ्यात शोभनाने ओल म्हणजे काय ते पाहिलं. दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ, ओले कोट, हे सगळं रात्रभर खिडक्यांवर साठायचं आणि पहाटे थेंब थेंब उशीवर पडायचं. ओल शोषणाऱ्या यंत्राची बादली रोज भरायची, रोज उपसायची. गादी उचलली की खाली काळी बुरशी. ठेवून घेतलेल्या एकुलत्या एका पैठणीवर पांढरे ठिपके उमटले तेव्हा ती पैठणी मांडीवर घेऊन बसून राहिली. हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की धक्क्यावरचा फ्यूज उडायचा. मग अंधारात, पावसात, बर्फाळ फळ्यांवरून जाऊन त्याचा खटका वर करायचा. गारठा वाढला की धक्क्यावरच्या नळाचं पाणी बंद व्हायचं आणि कॅन भरून आणावे लागायचे. आंघोळीला टॉवेल-साबणाची पिशवी घेऊन बोटतळाच्या ऑफिसात जायचं. फोडणी दिली की तिखटाचा ठसका सगळ्या बोटीत भरून राहायचा आणि त्र्यंबकराव खोकत डेकवर जायचे.

डेकवर ते बराच वेळ असायचे. नाहीतर लायब्ररीत. नाहीतर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात, तिथे हीटिंग चांगलं होतं.

फ्यूज वर करायला, बादली उपसायला, कॅन भरायला शोभना होती. संडासाच्या टाकीचं तंत्रही तिनेच शिकून घेतलं. ते शिकवलं शेजारच्या बोटीतल्या लॉरेनने. ही बाई पूर्वी शाळेची बस चालवायची, आणि आता एकटी राहायची. बोटीचा संडास म्हणजे हातपंप. मारला की मैला टाकीत जातो, टाकी भरली की ती उपसून नेणारी होडी बोलवायची. त्या पंपात पोटातून गेलेल्याखेरीज काहीही जाता कामा नये. कागदसुद्धा नाही. गेला की तुंबतं. तुंबलं की उघडावं लागतं.

"आणि उघडलं की," लॉरेन म्हणाली होती, "तुला तुझा नवरा फारसा आवडणार नाही."

पुढच्या जुलैत त्र्यंबकरावांनी मंडळातल्या लोकांना बोटीवर जेवायला बोलावलं. बोलावून झाल्यावर शोभनाला सांगितलं. तिने छोट्याशा शेगडीवर दोन दिवस खपून मसालेभात, मठ्ठा, कोशिंबीर आणि खीर केली. संडासाच्या दारावर तिने मोठ्या अक्षरात लिहून लावलं, 'आत काहीही टाकू नये. कागद डब्यात टाकावा.'

पाहुणे आले. जुने डॉक्टर चंद्रशेखर आणि त्यांची बायको नीला, बॉथेलची अनया, तिचा नवरा देवदत्त आणि त्यांचं तान्हं बाळ, आणखी चार-पाच जण. ऊन छान होतं. पूल उघडत-मिटत होता, शिडाच्या होड्या जात होत्या. "काका, तुमची तर लाइफ सेट आहे यार," देवदत्त म्हणाला आणि त्र्यंबकरावांचा चेहरा खुलला.

तासाभराने शोभना खाली गेली तेव्हा संडासातून पाणी उलटं वर येत होतं. तिने दाराकडे पाहिलं. कागद नव्हता. फक्त चिकटपट्टीचे चार तुकडे होते.

ती जिन्यावरून अर्धी वर आली. "अहो, दारावरचा कागद कुठे गेला?"

"काढला मी," त्र्यंबकराव हळू आवाजात म्हणाले. "पाहुण्यांना काय वाटेल? सार्वजनिक मुतारी आहे का?"

ती वळली. खाली गेली, रबरी हातमोजे चढवले, गुडघ्यांवर बसली आणि पंपाचे स्क्रू काढायला लागली. वास असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. पंपाच्या झडपेत बाळाचा वेट वाइप घट्ट वळून बसला होता. अनयाची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वरून नवऱ्याचा आवाज येत होता. खिडकी उघडीच होती.

"माणसाला लागतं किती, मी म्हणतो? एक पलंग, एक चूल. आम्ही सगळं सोडलं. हिला सुरुवातीला जड गेलं, पण आता विचारा. म्हणते, घर झाडत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं."

शोभनाने हे कधीही म्हटलेलं नव्हतं. एकदाही नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ती उठली आणि मोजे तसेच हातात घातलेले ठेवून जिना चढून वर गेली.

"अहो, खाली या."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग तिच्या हातांकडे.

"काय झालं?"

"तुमची मुक्ती तुंबलीय. ती काढायला या."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्र्यंबकरावही हसल्यासारखं करून म्हणाले, "अगं, नंतर बघू. लोक जेवायचेत."

"नंतर नाही, आत्ता. तुम्ही ते साफ केल्याशिवाय मी पान वाढणार नाही."

"वहिनी, मी बघू का?" चंद्रशेखर उठायला लागले. "मी डॉक्टर आहे, मला काही वाटत नाही."

"तुम्ही बसा, भावजी. बोट तुम्ही घेतलेली नाही."

मग ती नवऱ्याकडे वळली आणि इतके महिने आत कोंबलेलं सगळं बाहेर आलं. आवाज चढला तो खाली यायचं नाव घेईना. शेजारच्या बोटीवर लॉरेनने हातातलं काम थांबवलं. "घर झाडत बसण्यापेक्षा बरं, असं मी म्हणते? कधी म्हटलं? कुणाला म्हटलं? मी बुरशी पुसते, मी पाणी वाहते, मी पावसात जाऊन फ्यूज लावते. तुम्ही कॉफी पिता आणि पुलावरच्या लोकांना हात करता. सगळं सोडलं म्हणे! तुम्ही काय सोडलंत? सोडायला लावलंत मला! मी लावलेला साधा कागद तुम्हाला दारावर खपला नाही, का तर पाहुण्यांना काय वाटेल. आणि मला काय वाटेल ते?"

अनया रडवेली होऊन पुटपुटली, "काकू, सॉरी, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही गं, बाळ."

त्र्यंबकराव पांढराशुभ्र शर्ट घालून उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. शोभनाने मोजे काढून त्यांच्या हातात दिले. ते खाली गेले. बऱ्याच वेळाने वर आले तेव्हा शर्टाकडे बघवत नव्हतं. मग तिने हात धुतले आणि सगळ्यांना वाढलं. लोक माना खाली घालून जेवले आणि लवकर निघून गेले.

"चारचौघांत अब्रू घेतलीस माझी," त्या संध्याकाळी ते म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. अडतीस फुटांच्या बोटीत एकमेकांशी न बोलता राहणं सोपं नसतं. प्रत्येक वेळी एकाला भिंतीला चिकटून दुसऱ्याला जायला वाट द्यावी लागते.

दुसरा हिवाळा आला. त्र्यंबकरावांचे गुडघे दुखायला लागले, बोटीवर चढता-उतरताना ते विव्हळायचे. शोभनाने मात्र आता ओलीशी दोन हात करायला घेतले होते. गादीखाली हवा खेळावी म्हणून तिने लाकडी जाळी बसवून घेतली, खिडक्यांना आतून प्लॅस्टिक ताणलं, लॉरेनकडून डिझेलची जुनी शेगडी घेऊन बसवली. त्या शेगडीपाशी कणीक मळून ठेवली की पोळ्या मऊ व्हायच्या. सकाळी खिडकीतून पाणबदकं दिसायची. तिला ती आवडायला लागली होती आणि त्याचाही तिला राग यायचा. आपण न मागितलेली गोष्ट आपल्याला आवडायला लागावी, हे तिला पटत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना बाहेरून कुणीतरी टकटक केलं. एक तरुण गोरं जोडपं उभं होतं. मुलाच्या हातात मोजपट्टी होती. "आम्ही वेळेआधी आलो का?" असं म्हणत ते आत शिरलेसुद्धा. मुलगी कपाटं उघडून बघायला लागली. तिने डाळींच्या बरण्या बाजूला सारून मागची फळी चाचपली.

"तुम्ही काय करताय?" शोभनाने इंग्रजीत विचारलं.

मुलगी ओशाळली. "तुमच्या मिस्टरांनी सांगितलं की तुम्ही बोट विकून इंडियाला परत जाताय. कायमचे. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत..." ती थांबली.

शोभनाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपली.

त्र्यंबकराव दुपारी आले. ती टेबलाशी बसून होती.

"पुण्यात फ्लॅट घेतलाय," ते म्हणाले. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "पुरुषोत्तमच्याच बिल्डिंगमध्ये." पुरुषोत्तम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. "लिफ्ट आहे, हाताखाली बाई मिळते. तुलाच सुख होईल म्हणून घेतला. तुला सरप्राइज देणार होतो. तूच तर ओरडत होतीस ना, बोट नको म्हणून?"

"मी बोट नको म्हणून ओरडत नव्हते."

"मग कशाला ओरडत होतीस?"

पस्तीस वर्षांच्या संसारानंतर हा माणूस खरोखरच विचारत होता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्यामुळे शोभनाचा राग आणखीच पेटला, पण या वेळी आवाज चढला नाही.

"घर विकलंत, मला विचारलं नाहीत. बोट घेतलीत, विचारलं नाहीत. लोक बोलावलेत, फ्लॅट घेतलात, ही बोट परक्या माणसांना दाखवलीत. परकी बाई येऊन माझ्या बरण्या हलवते आणि तिच्याकडून मला कळतं की मी पुण्याला चाललेय. मी काय तुमचं सामान आहे?"

"अगं, पण तुझ्या भल्यासाठीच..."

"बोटीच्या कागदावर माझं नाव आहे. मी सही करणार नाही."

"म्हणजे काय? इथे राहणार? एकटी? हट्टाला पेटून?"

"हो, हट्टाने. उखडून आणलंत, कशीबशी रुजले. आता मला कुणी उपटायचं नाही."

त्या रात्री इशिताचा फोन आला. बाबांनी तिला आधीच सगळं सांगितलं होतं. "आई, दिस इज क्रेझी. तुला तर ती बोट आवडतच नव्हती! तू बाबांना पनिश करतेयस."

"करत असेन," शोभना म्हणाली. "थोडीफार करत असेनही. पण तू मला एक सांग, तुला कधी वाटलं का, बाबांना फोन करून विचारावं, आईला विचारलंत का?"

इशिता म्हणाली, "नो. नाही वाटलं."

ऑक्टोबरात त्र्यंबकराव पुण्याला गेले. शोभनानेच त्यांना विमानतळावर सोडलं. बॅगा उतरवताना ते म्हणाले, "एकटी कशी राहशील हिवाळ्यात?"

"दोन हिवाळे राहिलेच की," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने गाडीच्या काचा वर केल्या आणि मोठमोठ्याने बोलत राहिली. नवऱ्याला, स्वतःला, कढीपत्ता देऊन टाकणाऱ्या त्या मुकाट बाईला. शिव्याही दिल्या. तिला येत होत्या हे तिलाच नवीन होतं.

त्या डिसेंबरात मोठं वादळ झालं. गावंच्या गावं अंधारात गेली. रात्रभर बोटी धक्क्यावर आपटत होत्या. शोभना आणि लॉरेन डोक्यावर टोप्या चढवून एकमेकींच्या बोटींचे दोर दुहेरी करत राहिल्या. तिला भीती वाटली, खूप वाटली. पहाटे डिझेलच्या शेगडीवर दोघींनी आल्याचा चहा केला. तिसऱ्या दिवशी फोन लागला.

"बोट कशी आहे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"बोट बरी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला. तिने तो वाजू दिला. मग उचलला.

"तू कशी आहेस, हे विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

"राहिलंच," ती म्हणाली, पण या वेळी फोन ठेवला नाही.

आता दर जूनमध्ये ते येतात आणि पानं पिवळी पडायला लागली की परत जातात. पुढच्या निमुळत्या कप्प्यात झोपतात, गुडघ्यांना तेल चोळतात, सांगितलेली कामं कुरकुरत करतात. पुण्याला ये, असा आग्रह ते अजून करतात. तो फ्लॅट तिने अजून पाहिलेला नाही. स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग कोणता घेऊ, असं त्यांनी गेल्या वर्षी फोनवर विचारलं होतं. फरशी आधीच बसवून झालीय हे तिला पुरुषोत्तमच्या बायकोकडून कळलं. त्यावर ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. लॉरेन म्हणते, तुझा राग आता कमी झालाय. शोभनाला तसं वाटत नाही.