रंगाऱ्याने निवडलेला गालाचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, बूट चकाकवायचा नव्हे. मी गालांवर लाली लावायचा ब्रश आहे! माझी लाकडी दांडी आता दोन ठिकाणी टवकली आहे, डोक्यावरचे केसही विरळ झाले आहेत. पण तोरा मात्र तोच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नायलॉनचे मऊ केस, पत्र्याची गळपट्टी, खाली काळी दांडी, असा मी पटापट तयार झालो आणि दुकानात येऊन पडलो. पडलो म्हणजे खरोखरच पडलो, कारण आम्हा स्वस्त ब्रशांना टोपलीत ठेवले होते. महागडे ब्रश काचेच्या कपाटात, दिव्याखाली बसले होते. ते आमच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

एके दिवशी दुकानात एक रंगारी आला. भिंती रंगवणारा. त्याच्या कानामागे पांढरा रंग वाळलेला होता. त्याची मुलगी ठकी मेकअप शिकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरमध्ये तिची परीक्षा होती. कुणाचाही एक चेहरा सजवून दाखवायचा आणि जमला तर पार्लरमध्ये काम मिळणार. पण ठकीजवळ स्वतःचा एकही ब्रश नव्हता. ती बोटांनीच सराव करत होती. बापाला तिला ब्रश भेट द्यायचे होते.

त्याने आधी चोवीस ब्रशांचा चकचकीत डबा उचलला. दुकानातली ताई हसून म्हणाली, "काका, शिकणाऱ्या मुलीला एवढे कशाला? पाच पुरेत. बाकीचे डब्यातच म्हातारे होतात." मग तिने नीट समजावले. एक चपटा फाउंडेशनला, एक जाडा पावडरीला, एक गालांना, एक पापण्यांना आणि एक बारीक भुवयांना.

रंगाऱ्याने टोपली पुढ्यात ओढली आणि आमची कसून तपासणी सुरू केली. तो आमचे केस ओढायचा, तळहातावर आपटायचा, गळपट्टी हलवून पाहायचा.

"अहो काका, ओढू नका! विकायचेत ते!" ताई ओरडली.

"घरी जाऊन गळण्यापेक्षा इथेच गळू देत की."

माझ्या शेजाऱ्याचे तर बरेच केस त्याच्या हातात आले. माझा मात्र एकही गळला नाही. मग त्याने मला आपल्या गालावर फिरवले. मित्रांनो, दाढीचे खुंट काय टोचले म्हणून सांगू! पण मी मऊपणा सोडला नाही. त्याला गुदगुल्या झाल्या आणि एवढा मोठा माणूस दुकानात खुदकन हसला. "हा घेतला," तो म्हणाला. काचेच्या कपाटाकडे मी शेवटचे पाहून घेतले. खुशीत गाजरे खाणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

पण करायला गेला एक आणि झाले भलतेच! भिंतीचा नवा ब्रश वापरण्याआधी रंगारी तो अळशीच्या तेलात मुरवतात. त्याने केस नरम राहतात. या भल्या माणसाने लेकीच्या प्रेमापोटी मलाही संध्याकाळी तेलाच्या वाटीत बुडवले. बाकीच्या चौघांची पाळी माझ्यानंतर होती, म्हणून ते वाचले.

सकाळी ठकीने मला बाहेर काढले. माझे केस चिकटून त्यांची शेंडी झाली होती. वासही असा, की मला स्वतःलाच नकोसा झाला.

"बाबा, हे काय केलंत?"

"अगं, तेलात मुरवलाय. आता वर्षानुवर्षं टिकेल."

"अहो, पण हा गालावर फिरवायचाय! लाली लागेल की फोडणी बसेल?" ठकीची आई म्हणाली.

रंगाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. दुसरा ब्रश आणावा तर नेमकी दुकानाला सुट्टी. ठकीचे डोळे भरून आले होते. पण बापाकडे पाहून तिने ते पटकन पुसले आणि म्हणाली, "निघेल हो. भांडी निघतात, मग हा का नाही निघणार?"

तिने भांड्यांचा साबण तळहातावर घेतला आणि मला गोल गोल घोळवले. पुन्हा घोळवले, पुन्हा धुतले. हळूहळू तेल निघाले, वासही गेला. पण केस चारी दिशांना पसरले. आता रंगारी पुढे झाला. त्याने चिमटीने माझे केस जुळवले, त्यांच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळली आणि मला दोरीवर चिमटा लावून उलटे टांगले, आपल्या मोज्यांच्या शेजारी! दुपारी पट्टी सोडली, तेव्हा मी पुन्हा गोल, मऊ आणि देखणा झालो होतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रंगारी समाधानाने कामावर गेला.

परीक्षेला ठकीने आईलाच खुर्चीत बसवले. आईने जन्मात पावडरीपलीकडे काही लावले नव्हते. ती डोळे गच्च मिटून बसली होती, जणू दात काढायला आली आहे. ठकीचा हात थरथरत होता. मला ते दांडीपर्यंत जाणवत होते. मी मनात म्हणत होतो, "ठके, हलक्या हाताने. थोडा रंग घे, झटक, मग लाव." तिने अगदी तसेच केले. गालाच्या उंचवट्यावरून कानाकडे मी फिरत गेलो आणि तिचा हात शांत होत गेला.

पार्लरच्या बाईंनी आईला खिडकीशी नेऊन निरखले. "रंग लावलाय हे कळत नाही, पण बाई खूश आहे हे कळतंय," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून कामावर ये गं."

आईने आरशात पाहिले. "अगं बाई, मीच की ही!" आणि मग ती घरी जाईना. लांबच्या रस्त्याने ठकीला घेऊन ती थेट नवऱ्याच्या कामावर पोहोचली. रंगारी शिडीवर होता आणि ठकी मुद्दाम दाराआड थांबली. तो वरूनच म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?"

"नवरा पाहिजे. खाली उतरा! पोरीला काम मिळालं!"

तो धडाधड उतरला. हात रंगाने माखलेले, लेकीला जवळ घ्यावे तर कसे? हात वर धरून तो नुसताच हसत उभा राहिला. मग ठकीनेच त्याला मिठी मारली.

मित्रांनो, आज ठकी स्वतः मुलींना शिकवते. तिच्याकडे महागडे ब्रशही आहेत. पण नवी मुलगी आली की ती तिच्या हातात आधी मलाच देते. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. मला वापरलेत की धुवा, पुसा आणि टांगून वाळवा. स्वस्त आहे म्हणून फेकू नका. कुणाचा तरी थरथरणारा हात अजून माझ्यावर स्थिर व्हायचा आहे.