फराळाबरोबर गेलेली गोष्ट

ठाकुर्लीचे गुरुदत्तराव नोकरी न करता निव्वळ लेखनावर घर चालवत. आमच्या आनंदला ते देवासारखे. दर रविवारी तो डोंबिवलीहून चालत त्यांच्याकडे जायचा आणि परतल्यावर त्यांचा उपदेश मला, त्याच्या थोरल्या बहिणीला, ऐकवायचा. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं. नक्कल स्वतःजवळ ठेवावी. परतीची टपाल तिकिटं जोडल्याशिवाय संपादकाकडे काही पाठवू नये. दिवाळी अंकासाठी आषाढातच लिहायला बसावं. इथवर ठीक होतं. पण एका सल्ल्याची त्यानं खूणगाठच बांधली: घरात पाहिलंय तेच लिहावं, फक्त नावं बदलावीत आणि शेवट गोड करावा.

आमच्या घरात लिहिण्यासारखं काय होतं? मी होते. ठाण्याच्या एका मुलाशी माझा साखरपुडा झाला आणि लग्नाआधीच तो विषमज्वरानं गेला. तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची ठरले. पुढे कल्याणच्या विमलाबाईंकडून विचारणा झाली, तेव्हा आईनं त्या साखरपुड्याचा विषय गिळून टाकला. विमलाबाईंचा मुलगा बघायला आला, तेव्हा माझा डावा हात सवयीनं पुढे झाला आणि मी त्याच हातानं त्याला चहा दिला. आई कावरीबावरी झाली. तो हसून म्हणाला, "मीही डावराच आहे." मी वेडी, तेवढ्यावर मनात संसार मांडून मोकळी झाले. लग्न मार्गशीर्षात ठरलं.

त्या दिवाळीत आनंदची पहिली गोष्ट छापून आली. लेखकाची म्हणून अंकाची एकच प्रत आली, तीही नेमकी कल्याणला फराळ पाठवायच्या दिवशी. मुलीचा भाऊ लेखक आहे हे व्याह्यांना कळू दे, म्हणून आईनं तो अंक न वाचताच चकलीच्या डब्यावर ठेवला. मी गोष्ट मागितली तर आनंद म्हणाला, नक्कल आहे ना, सावकाश वाच. आणि स्वतःच डबे घेऊन ऐटीत निघाला.

भाऊबिजेनंतर त्यांचा गडी डबे परत घेऊन आला. फराळाचे डबे रिकामे परत करू नयेत ही आपली रीत. हे तर भरलेले होते. आमच्याच चकल्या, आमचेच लाडू. वर तो अंक. विमलाबाईंनी निरोप दिला होता की मुलीत खोट नाही, पण आम्हाला आधी सांगायला हवं होतं.

आई भिंतीला टेकून बसली. आनंद सारखा म्हणत राहिला, "नाव बदललं होतं गं, ताई."

"नाव बदललंस," मी म्हटलं, "डावा हात तसाच ठेवलास."

मग मी ती गोष्ट वाचली. चांगली होती, हेच मला सहन होईना. ठाण्याचा मुलगा गेला तेव्हा साखरपुड्याच्या हिरव्या बांगड्या उतरवून मी डब्यात ठेवल्या, नंतर एकटी असताना काढून परत घालून पाहिल्या, तेही त्यानं कधीतरी पाहिलं होतं. मला वाटायचं, या घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

शेवटच्या पानावर लग्नाची पंगत होती. नवरानवरी दोघंही डावरी, एकमेकांना चुकून डाव्या हातानं घास भरवायला जातात आणि सगळी पंगत हसते. गुरुदत्तरावांनी सांगितलं होतं तसाच शेवट त्यानं केला होता. माझं लग्न तेवढं एकदाच झालं, त्या पानावर.