पहिली फेरी माफ

ऑफिसात तिला सगळे शून्यबाई म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. कानाच्या यंत्राचा प्रोग्राम तपासणं हे तिचं काम, आणि नियम एकच: आवाज चालू असताना प्रोग्रामने नवी मेमरी मागायची नाही. लागेल तेवढी सुरुवातीलाच घेऊन ठेवायची. तहान लागल्यावर विहीर खणायला बसलं, की तेवढा वेळ आवाज तुटतो. तिची चाचणी अशा मागण्या मोजायची. आकडा शून्याच्या वर गेला, की प्रोग्राम लिहिणाऱ्याची धडगत नसे.

वडिलांच्या कानात तेच यंत्र होतं. तीन महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते कमीच बोलत. एका रविवारी नळ दुरुस्त करणारा येऊन गेला आणि ते सहज म्हणाले, "तुझं यंत्र चांगलं आहे गं. फक्त नवा माणूस तोंड उघडतो ना, त्याचे पहिले चार शब्द गिळून टाकतं."

"पहिल्यापासून?"

"मला वाटलं, माझेच कान. या वयात तक्रार तरी कशाची करायची?"

सोमवारी तिने स्वतःचीच चाचणी उघडली. वीस माणसांचे आवाज, तेच यंत्राला शंभर फेऱ्या ऐकवायचे. सुरुवातीला यंत्र जुळवाजुळव करत असतं, म्हणून पहिली फेरी मोजायची नाही. तसं तिनेच लिहून ठेवलं होतं: पहिली फेरी माफ. आणि विसांच्याही आवाजांची यंत्राशी ओळख त्या माफ फेरीतच उरकून जात होती. पुढच्या नव्याण्णव फेऱ्यांत नवं कोणी बोलतच नव्हतं. शून्य येईल नाही तर काय! दुसऱ्यांच्या चुका हुडकत फिरणाऱ्या बाईच्या दिव्याखाली हा एवढा अंधार.

तिने पन्नासाव्या फेरीत एक अनोळखी आवाज घातला. आकडा आला: एक. त्या आवाजासाठी जागा करताना यंत्र सव्वा सेकंद मुकं झालं होतं.

मग तिला हॉस्पिटलमधली ती दुपार आठवली. आईच्या घशातली नळी नुकतीच काढली होती. आवाज इतका घोगरा झाला होता, की पोटच्या लेकीला ओळखू आला नसता, तिथे यंत्राची काय कथा. ती स्वतः दाराशी डॉक्टरांशी बोलत होती. आत आई वडिलांकडे बघून काहीतरी म्हणाली, एकच वाक्य. संध्याकाळी आई गेली.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने विचारलं, "बाबा, आई शेवटचं बोलली ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

वडिलांनी पेपरची घडी घातली, मग पुन्हा उलगडून घातली.

"नाही. नुसतं टक् झालं. काहीतरी विचारतेय, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पुन्हा बोलायला लावायचं जिवावर आलं माझ्या. 'हो' म्हटलं आणि मोकळा झालो." ते कसंनुसं हसले. "चाळीस वर्षं ऐकत नाही म्हणून बोलणी खाल्ली तिची. शेवटी खरंच नाही ऐकलं."

"तुमचे कान नव्हते, बाबा. यंत्र होतं. चूक माझी आहे." तिने सगळं सांगितलं, माफ केलेल्या फेरीसकट. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत.

"मग त्या यंत्रात कुठे राहिलं असेल का गं? ती काय म्हणाली ते?"

"नाही, बाबा. ते बोललेलं काहीच साठवून ठेवत नाही." ऐन वेळी जागा मागत बसलं मेलं, आणि ठेवलं मात्र काही नाही. तिला रडू फुटलं.

वडील बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"हो म्हटल्यावर तिने डोळे मिटले," ते म्हणाले. "म्हणजे बरोबरच बोललो ना मी?"

तिला कुठून माहीत असणार?

"हो," ती म्हणाली.